एकाच जागची व्हॉल्व्ह स्प्रिंग पुन्हा पुन्हा का तुटते?

जुन्या गाडीची व्हॉल्व्ह स्प्रिंग, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह परत बंद करणारी स्प्रिंग, तुटली की बहुतेक गॅरेजांत एकच क्रम ठरलेला असतो. रॉकर कव्हर काढायचं, तुटलेली स्प्रिंग भंगाराच्या डब्यात टाकायची, नवी बसवायची, टॅपेट सेट करायचे (म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट ठरवायची) आणि गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची. एकदा तुटली तर हे चालून जातं. पण काही महिन्यांत त्याच जागची स्प्रिंग परत तुटली, तर दोष स्प्रिंगचाच आहे असं धरून चालणं फार महागात पडतं. ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या, म्हणजे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेल्या इंजिनात स्प्रिंग तुटून तिच्यावरचा कप तिरका झाला आणि त्याला व्हॉल्व्हच्या दांडीशी धरणारे लॉक निसटले, तर व्हॉल्व्ह थेट सिलिंडरमध्ये उतरतो. मग पिस्टनला भोक पडतं, पुशरॉड वाकतो, हेडही जातं. ज्या इंजिनाचे भाग आता मिळत नाहीत, त्याच्या बाबतीत हे नुकसान भरून येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे की तुटलेला तुकडा जपून ठेवा आणि नवी स्प्रिंग मागवण्याआधी ती जिथे बसते ती जागा मोजा. या दोन गोष्टी केल्या तर बहुतेक वेळा कारण हाती लागतं.

आधी खात्री करा

तुटलेली स्प्रिंग दरवेळी आवाज करून सांगत नाही. तिचे दोन तुकडे एकमेकांत फिरून अडकतात, स्प्रिंग काही मिलिमीटर आखूड होते आणि कमी जोराने का होईना, व्हॉल्व्ह बंद करत राहते. त्यामुळे आयडलिंगला गाडी बरी चालते. कॉम्प्रेशन तपासलं तर तेही ठीक येतं, कारण स्टार्टरवर इंजिन जेमतेम दोन-अडीचशे आरपीएमने फिरतं आणि तेवढ्या गतीला अशक्त स्प्रिंगही पुरते. त्रास सुरू होतो तो रेस वाढवल्यावर. चढावर गाडी मिसिंग मारू लागते. इनटेकची स्प्रिंग असेल तर कार्बोरेटरमधून फटके येतात, एक्झॉस्टची असेल तर सायलेन्सरमधून. मग प्लग बदलले जातात, पॉइंट घासले जातात, कॉइल बदलते, कार्बोरेटर उघडला जातो आणि गाडी तशीच राहते.

व्हॅक्यूम गेज असेल तर इनटेक मॅनिफोल्डला लावा. रेस वाढवत नेल्यावर काटा जोरजोरात थरथरू लागला, तर संशय स्प्रिंगांवर घ्या. गेज नसेल तर रॉकर कव्हर काढा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक स्प्रिंग चारही बाजूंनी पाहा. दुहेरी स्प्रिंगेत आतली तुटलेली डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना हातोडीच्या लाकडी दांड्याने कपावर दाब द्या. सगळ्यांना एकेक करून दाबलंत की जी हलकी लागते ती हाताला लगेच कळते.

तुकडा काय सांगतो

तुटलेली स्प्रिंग काढल्यावर ती रॉकेलमध्ये धुवा. तारेचा ब्रश लावू नका, ॲसिडमध्ये बुडवू नका, दोन तुकडे जुळवून पाहण्यासाठी एकमेकांवर घासू नका. तुटलेल्या तोंडावर जे लिहिलेलं असतं ते एका घासण्यात पुसलं जातं. तिरप्या उजेडात मोबाइलने जवळून फोटो घ्या, मग तेल लावून कागदात गुंडाळून ठेवा. तुकडा कोणत्या सिलिंडरचा, इनटेक की एक्झॉस्ट, वरचं टोक कुठलं, हे त्या कागदावर लिहा.

आता तोंड नीट पाहा. धातू थकून तुटला असेल तर तारेच्या काठाशी, बहुतेकदा गुंडाळीच्या आतल्या बाजूला, बाळाच्या नखाएवढा गुळगुळीत अर्धचंद्र दिसतो. भेग तिथे जन्मली आणि हळूहळू वाढली. उरलेला भाग खरबरीत असतो, कारण तो शेवटी एका झटक्यात तुटला. आतली बाजूच का, तर गुंडाळलेल्या तारेत सगळ्यांत जास्त ताण तिथेच असतो. भेग तारेला साधारण ४५ अंशांत तिरपी जाते, कारण स्प्रिंग दाबली जाताना तार खरं तर पिळली जात असते.

त्या अर्धचंद्राच्या मुळाशी काय आहे ते भिंगाने शोधा. गंजाचा खड्डा असेल, तर गाडी ओलाव्यात उभी राहिली होती. सरळ ओरखडा असेल, तर कुणीतरी स्प्रिंग पक्कडने धरली किंवा स्क्रू ड्रायव्हरने उचकटून बसवली. ग्राइंडरची निळी झाक असेल, तर टोक घासताना तार तापली. यातलं काहीही नसेल तर तुटण्याची जागा बघा. टोकाची आडवी बसलेली गुंडाळी संपून काम करणारी गुंडाळी जिथे सुरू होते, तिथे दोन्ही एकमेकींवर घासत असतात. चांगल्या स्प्रिंगाही शेवटी त्याच जागी दगा देतात.

अर्धचंद्र मुळीच नसेल आणि सगळं तोंड एकसारखं दाणेदार चमकत असेल, तर प्रकार वेगळा आहे. तो खाली शेव्हरोलेच्या वेळी सांगतो.

यानंतरचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. तुटते ती दरवेळी एकाच जागची, की कधी इथली तर कधी तिथली? एकाच जागची असेल तर कारण त्या जागेत आहे. कुठलीही तुटत असेल तर कारण तारेत, ती बनवण्यात किंवा सगळ्या स्प्रिंगांना समान असलेल्या एखाद्या गोष्टीत आहे. दोन गाड्यांवरून हे स्पष्ट होईल.

फियाट ११००: तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट

पुण्यातली एक फियाट ११००, साठच्या दशकातली, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली. ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, १०८९ सीसीचं पुशरॉड इंजिन, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, प्रत्येक व्हॉल्व्हला बाहेरची आणि आतली अशा दोन स्प्रिंगा. हेच इंजिन पुढे पद्मिनीतही राहिलं, त्यामुळे याची नस ओळखणारे मिस्त्री महाराष्ट्रात अजून आहेत. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, तेव्हापासून अशा बऱ्याच ११०० पुन्हा रस्त्यावर यायला लागल्या आहेत.

या गाडीची तिसऱ्या सिलिंडरची एक्झॉस्ट स्प्रिंग तुटायची. बाकी सात जागी कधी काही झालं नाही. मालकांनी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणलेली स्प्रिंग लावून पाहिली, नवीन बनवलेली लावून पाहिली. मिस्त्रींचं म्हणणं एकच, “साहेब, हल्ली मालच चांगला येत नाही.” पण माल वाईट असता तर त्याच मालाच्या इतर सात स्प्रिंगा कशा टिकल्या असत्या? मालाने सिलिंडर निवडून तुटायचं काही कारण नाही.

तुकडे मालकांनी नशिबाने ठेवले होते. त्यांच्या गुंडाळ्यांच्या वरच्या आणि खालच्या अंगाला अरुंद, चकचकीत पट्टे होते. शेजारच्या स्प्रिंगांवर तसे पट्टे नव्हते. गुंडाळ्या एकमेकींवर आपटत होत्या याची ती खूण. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की स्प्रिंग जवळजवळ बंद होऊन ठोकळा होत होती.

मग हेड उतरवून प्रत्येक जागेची बसवलेली उंची मोजली. बसवलेली उंची म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगेच्या बैठकीपासून कपाच्या खालच्या अंगापर्यंतचं अंतर. व्हॉल्व्ह, कप आणि लॉक जागेवर घालायचे, खऱ्या स्प्रिंगेऐवजी एखादी मऊ स्प्रिंग लावायची, कप वर ओढून धरायचा आणि व्हर्निअरने मोजायचं. आठही आकडे एका कागदावर लिहायचे. या हेडचे सात आकडे एकमेकांना धरून होते आणि तिसऱ्या एक्झॉस्टचा अडीच मिमीच्या आसपास कमी.

बैठकीवरचा जळक्या तेलाचा काळा थर खरवडल्यावर कारण सापडलं. खाली दोन पॅकिंग, म्हणजे उंची भरून काढणाऱ्या चकत्या होती. त्यांच्यावर थर इतका घट्ट बसला होता की ती हेडचाच भाग वाटत होती. गाडीची जुनी बिलं चाळली तेव्हा इतिहास कळला. पूर्वी कधीतरी त्या सिलिंडरची एक्झॉस्ट सीट, म्हणजे व्हॉल्व्ह मिटल्यावर जिच्यावर बसतो ती कडी, जळाली होती. ती खोल कापली गेली, त्यामुळे व्हॉल्व्ह हेडमध्ये वर गेला, त्याची दांडी वर आली, बसवलेली उंची वाढली आणि स्प्रिंग सैल पडली. तेव्हाच्या मिस्त्रींनी खाली पॅकिंग घालून दाब परत आणला. ते काम बरोबर होतं. पुढे दुसऱ्या वर्कशॉपमध्ये तिथे नवी सीट बसली, व्हॉल्व्ह मूळ जागी आला, पण पॅकिंग आतच राहिली. दोन्ही ठिकाणचं काम सुटं पाहिलं तर व्यवस्थित होतं.

याचं गणित सोपं आहे. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही मोजा. समजा तार ३.६ मिमी जाडीची आहे आणि टोकं धरून साडेसहा गुंडाळ्या आहेत. टोकं घासून सपाट केलेली असतील तर पूर्ण दाबलेल्या स्प्रिंगेची उंची ३.६ गुणिले ६.५, म्हणजे २३.४ मिमी. बसवलेली उंची ३६ मिमी, व्हॉल्व्हची लिफ्ट, म्हणजे तो जितका उघडतो ते अंतर, ९ मिमी. पूर्ण उघडल्यावर उरले २७ मिमी. म्हणजे ३.६ मिमी मोकळीक आहे. आता २.५ मिमीची पॅकिंग घाला. उरली १.१ मिमी, आणि तीही साडेचार चालत्या गुंडाळ्यांत वाटली जाणार. कागदावर स्प्रिंग अजून अडकत नाही. पण इंजिन वेगात असताना स्प्रिंग शांतपणे दबत नाही, तिच्यातून लाटा जातात आणि काही गुंडाळ्या इतरांपेक्षा जास्त जवळ येतात. पूर्ण लिफ्टला एकूण दीड मिमीपेक्षा कमी मोकळीक मी तरी कधी सोडणार नाही. आतल्या स्प्रिंगेचं हेच गणित वेगळं करा. पुष्कळदा ती बाहेरचीच्या आधी ठोकळा होते.

पॅकिंग काढली, आठही उंच्या जुळवल्या, कारखान्याच्या मापाची स्प्रिंग बसवली. ती अजून टिकून आहे.

उंची मोजतानाच आणखी एक गोष्ट पाहा. नवे गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यांतून सरकते त्या नळ्या) मूळ गाइडपेक्षा जास्त वर आले असतील, किंवा त्यांच्यावर आधुनिक रबरी सील चढवले असतील, तर पूर्ण लिफ्टला कपाचा खालचा भाग गाइडच्या डोक्यावर आपटतो. तिथेही स्प्रिंगच तुटते आणि तिथेही दोष तिचा नसतो. हेड फेसिंग केल्यामुळे, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट केल्यामुळे, स्प्रिंगेची उंची कमी होते असं मात्र बरेच जण सांगतात, ते खरं नाही. फेसिंगने रॉकरचा कोन आणि टॅपेटचं सेटिंग बदलतं. स्प्रिंगेची बैठक आणि कप यांच्यातलं अंतर होतं तेवढंच राहतं.

१९२८ ची शेव्हरोले: उभ्या गाडीत तुटलेली स्प्रिंग

जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये गाड्यांची जोडणी सुरू केली. त्याच वर्षीच्या मॉडेलची ही शेव्हरोले, चार सिलिंडर, ओव्हरहेड व्हॉल्व्ह, १७१ घनइंच म्हणजे सुमारे २.८ लिटर. मालकांनी इंजिनाचं काम अतिशय जीव लावून करून घेतलं होतं. स्प्रिंगा नमुन्याबरहुकूम नव्या बनवल्या होत्या आणि गंजू नयेत म्हणून त्यांना जस्ताचा मुलामा दिला होता.

त्या कुठल्याही जागी तुटत होत्या. कधी पहिला इनटेक, कधी चौथा एक्झॉस्ट. खरी खूण अशी की एक स्प्रिंग गाडी उभी असताना तुटली. गाडी घरी आणून उभी केली तेव्हा इंजिन नीट चाललं होतं, काही दिवसांनी कव्हर काढलं तर दोन तुकडे. ज्या व्हॉल्व्हवर ती होती तो त्या वेळी उघडा राहिला होता, म्हणजे ती पूर्ण दाबलेली होती. थकव्याने तुटायला स्प्रिंग हलावी लागते. न हलता तुटली की हायड्रोजनचा संशय घ्या.

मुलामा देण्याआधी गंज काढायला स्प्रिंगा ॲसिडमध्ये बुडवतात, नंतर विजेवर जस्त चढवतात. या दोन्ही वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो. साध्या नटबोल्टला त्याचं फारसं काही होत नाही. स्प्रिंगेचं पोलाद मात्र इतकं कणखर असतं की हा हायड्रोजन त्याच्या कणांमधली पकड सोडवतो आणि सतत ताणाखाली राहिलेली तार काही तासांनी किंवा काही दिवसांनी काचेगत तडकते. तोंडावर अर्धचंद्र नसतो, सगळं दाणेदार असतं. मुलाम्यानंतर लगेचच काही तासांच्या आत सुमारे २०० अंश सेल्सिअसला बराच वेळ भाजून हायड्रोजन बाहेर काढता येतो. गल्लीतले मुलामेवाले हे करत नाहीत, कारण त्यांच्याकडे येतात ते बंपर आणि दाराचे हँडल. व्हॉल्व्ह स्प्रिंगेला मुलामा देऊच नये, हे माझं ठाम मत आहे. ती तेलात राहते, तिला मुलाम्याची गरज नाही. आणि घरी गंज काढायला व्हिनेगर किंवा फरशीचं ॲसिड वापरू नका, कारण त्यानेही हायड्रोजन तसाच आत जातो.

या गाडीच्या सगळ्या स्प्रिंगा बदलल्या. तुटलेल्या नव्हत्या त्याही काढल्या.

‘मूळ स्प्रिंगच हवी’ असा हट्ट धरणाऱ्यांसाठी इथे थोडं सांगतो. १९३० च्या सुमारास अमेरिकेत ब्युइकच्या अभियंत्यांच्या लक्षात आलं, की छर्ऱ्यांचा मारा करून साफ केलेल्या स्प्रिंगा जास्त टिकतात. मारा झालेला पृष्ठभाग आतल्या आत दाबला जातो, त्यामुळे भेग उघडायला जोर लागतो. पुढे हीच प्रक्रिया, शॉट पीनिंग, सगळ्या व्हॉल्व्ह स्प्रिंगांसाठी रूढ झाली. म्हणजे १९२८ च्या मूळ स्प्रिंगेवर ती झालेली नव्हतीच. झाकणाखाली दडलेल्या भागात चांगल्या तारेची, पीनिंग केलेली स्प्रिंग घातल्याने गाडीचं खरेपण कमी होत नाही. व्हॉल्व्ह पडून मूळ हेड गेलं, तर मात्र कायमचं जातं.

उरलेले संशयित

कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा, ग्राइंड करून घेतला असेल तर त्याकडे वळा. ३००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा उघडतो, तासाला ९०,००० वेळा, म्हणजे सव्वाशे तासांत एक कोटीच्या पुढे. प्रत्येक स्प्रिंगेची स्वतःची एक कंपनाची लय असते, बहुतेकदा सेकंदाला काहीशे. कॅमचा उतार नीट गुळगुळीत नसेल, त्यावर ग्राइंडिंगच्या लाटा राहिल्या असतील, तर ठरावीक वेगाला तो स्प्रिंगेला तिच्याच लयीत ठोकत राहतो. वेग बदलला की सगळं शांत होतं. एकाच वेगाला लांब पल्ला चालवल्यावर स्प्रिंग तुटत असेल, तर हे आठवा. दुहेरी स्प्रिंगेत आतली आणि बाहेरची उलट दिशांनी वळलेल्या असतात त्यालाही कारण आहे. एक तुटली तर तिचा तुकडा दुसरीत शिरत नाही. बनवून घेताना दोन्ही एकाच दिशेने वळवलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या परत करा.

टॅपेट फार सैल ठेवले तरी असाच मार बसतो. कॅमच्या पोटाला हलक्या चढाची सुरुवात असते. सैल टॅपेट ती सुरुवात वाया घालवतो आणि व्हॉल्व्ह धाडकन उघडतो, धाडकन मिटतो. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा पाळा, आवाजावरून सेट करू नका. रॉकर शाफ्टचं तेलाचं भोक चोंदलं असेल तर स्प्रिंगा कोरड्या आणि गरम राहतात, तेही तपासा.

आणि ओलावा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात उभी असलेली गाडी दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून बंद करणं, हे स्प्रिंगांसाठी सुरू न करण्यापेक्षा वाईट आहे. तेवढ्यात इंजिन तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी रॉकर कव्हरखाली साचतं आणि तेलाच्या झाकणाच्या आत दुधाळ थर जमतो. तोच ओलावा स्प्रिंगांवर बसतो आणि प्रत्येक गंजाचा खड्डा पुढच्या भेगेची सुरुवात असते. गाडी अर्धा तास तरी रस्त्यावर चालवा. ते जमणार नसेल तर सुरूच करू नका. स्प्रिंगांवर तेल सोडा आणि महिन्यातून एकदा प्लग काढून इंजिन हाताने थोडं फिरवून ठेवा, म्हणजे तेच व्हॉल्व्ह सतत उघडे राहत नाहीत.

नवी स्प्रिंग मागवताना

‘असली एक बनवून द्या’ म्हणून जुना तुकडा पुढे करू नका. दोन उंच्यांवरचा दाब लिहून द्या: व्हॉल्व्ह बंद असताना इतक्या उंचीला इतके किलो, पूर्ण उघडा असताना इतके. मॅन्युअल नसेल तर न तुटलेल्या स्प्रिंगांवरून काढा. ड्रिल मशीनच्या टेबलावर वजनकाटा ठेवा, त्यावर स्प्रिंग, चकमध्ये सपाट तोंडाचा बार. मोटर बंद ठेवून हँडलने दाबा आणि व्हर्निअरने प्रत्यक्ष स्प्रिंगेची उंची पाहत काट्यावरचं वजन टिपा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

तार क्रोम-सिलिकॉनची मागा. साधी पियानो वायर सुमारे १२० अंशांच्या पुढे बसत जाते, म्हणजे तिचा दाब कमी होत जातो, क्रोम-व्हॅनेडियम साधारण २२० अंशांपर्यंत टिकते, क्रोम-सिलिकॉन त्याहून थोडी पुढे. शॉट पीनिंग, टोकं घासून सपाट, मुलामा नको, हे सगळं कागदावर लिहून द्या. आणि ‘जरा कडक’ मागू नका. जास्तीचा दाब कॅम आणि टॅपेटच्या तोंडावर येतो. जुन्या गाडीचा कॅम मिळवणं स्प्रिंग मिळवण्याइतकं सोपं नाही.

ओव्हरहेड इंजिनात स्प्रिंग बदलायला हेड काढावंच लागतं असं नाही. तो सिलिंडर कॉम्प्रेशनला आणा, पिस्टन थोडा खाली घ्या, प्लगच्या भोकातून स्वच्छ सुती दोरी आत भरा, शेवट बाहेर ठेवा आणि इंजिन हाताने फिरवून पिस्टन वर आणा. दोरी व्हॉल्व्हना खालून आधार देते आणि लॉक काढताना व्हॉल्व्ह आत पडत नाही. लॉक काढण्याआधी तेल परत जाण्याची भोकं फडक्याने बुजवा. बसवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना गुंडाळ्यांच्या फटींत फिलर गेज घालून सगळ्या फटी मिळून किती होतात ते बघा. सगळ्या जागांच्या उंच्या, पॅकिंग कुठे किती घातलं आणि का, हे लिहून तो कागद गाडीच्या बिलांसोबत लावा. पुढे कुणी नवी सीट बसवली, तर पॅकिंग काढायचं त्याला त्यावरून कळेल.